नेकबख्तखालाचा हातगुण

नेकबख्तखालाला गावात कुणी वाईट म्हणालं नसतं. एकसष्ट वर्षांची, तीन सुना नांदवलेली, कुणाच्याही मयताला सगळ्यांच्या आधी पोहोचणारी बाई. फक्त शेजारच्या सवसनचं नाव निघालं की तिच्या पोटात दुखायचं, आणि हे दुखणं तिला मेलं लपवताही येत नसे.

कारण होतं जुराबांचं टोक. डोंगराळ बर्तांग खोऱ्यातल्या त्या गावच्या बायका दर हिवाळ्याआधी खोरुग शहरातल्या बालगृहातल्या पोरांसाठी जुराबा विणून पाठवतात: गुडघ्यापर्यंतचे रंगीत लोकरी मोजे, एकाच आकडीवर विणलेले. मोजा पायाच्या बोटांकडून सुरू होतो आणि वर चढत जातो. बाकीचा कुणीही विणावा, पण टोक सगळ्यांना घालून द्यायचं ते एकाच बाईनं, जिचा हातगुण चांगला तिनं. आईबापाविना वाढणाऱ्या पोराचं पाऊल आधी त्या टोकात जातं ना! बावीस वर्षं ही टोकं नेकबख्तखालाच घालत होती. बायकांत सगळ्यांत थोरली, पंचाहत्तरीची शकरमोबीबी लोकरीचा पहिला गुंडा तिच्या मांडीवर ठेवायची आणि मगच बायका आकड्या काढायच्या.

यंदा तो गुंडा सवसनच्या मांडीवर गेला.

सवसन दूरच्या वाखान खोऱ्याकडची, दोन वर्षांपूर्वी सून होऊन आलेली. गावातल्या झरीफचं पोर काही केल्या पायांवर उभं राहीना, तेव्हा तिनं त्याला एक जुराबांची जोडी करून दिली. आठ दिवसांत पोर चालायला लागलं. झालं, गावाला नवी देवी सापडली.

"तेरा महिन्यांचं झालं होतं ते पोर!" नेकबख्तखाला चुलीपाशी नवऱ्याला सांगत होती. "चालणार नाही तर काय करणार? कावळा बसायला आणि फांदी मोडायला. पण आपल्या बायका! त्यांना तर काय, निमित्तच हवं."

"मग तुझं काय गेलं?" पोलवोननं शिरचायमध्ये, दुधाच्या खारट चहात, भाकर बुडवत विचारलं.

"माझं काय जायचंय? मला उलट विश्रांती."

विश्रांती कसली! तिच्या अंगाची नुसती लाही होत होती. सवसन हसून "खाला" म्हणाली तरी हिला वाटे, खिजवतेय. बरं, पोरगी गोड, हात साफ, वागायला नम्र. बोट ठेवायला कुठे जागा सापडेना, आणि त्यानंच जास्त आग होई.

एक काम मात्र अजून तिच्याकडे होतं. विणून झालेल्या जुराबा ती घरी नेऊन धुवायची आणि छपरावर वाळवायची. त्या ढिगात सवसननं स्वतः सुरू करून स्वतःच संपवलेली एक लाल जोडी होती. नेकबख्तखालानं ती उजेडात धरली, उलटी केली, ताणून पाहिली. चूक सापडली नाही. मग तिच्या मनात आलं, निदान एका पोराचं पाऊल तरी माझ्या टोकात जाऊ दे.

पण जुराब टोकाकडून उसवत नाही. उसवायची तर वरून, शेवटच्या टाक्यापासून, अख्खी. तिनं अख्खी उसवली.

"विणलेलं उसवतेस?" पोलवोननं विचारलं.

"टाका सुटलाय."

"दोन्हींचा?"

"तुम्ही चहा प्या."

चार दिवस ती बायकांना "लोकर वाळत नाही" असं सांगत राहिली. नवं टोक घातलं, तीच लाल लोकर, तीच नक्षी, टाक्याला टाका. इतक्या जिवानं तिनं पोटच्या पोरांनाही कधी विणलं नव्हतं. बोटं दुखली, डोळ्यांतून पाणी आलं, पण जोडी अशी उतरली की तिचीच नजर हटेना.

पाठवणीच्या दिवशी अकरा बायका शकरमोबीबीच्या घरी जमल्या. बीबी एकेक जोडी बघून पोत्यात टाकत होती. लाल जोडीपाशी तिचा हात थांबला.

"सवसन, ही तुझी ना गं? अगंबाई, काय हात आहे! बघा गं बघा, टाका मोजून घ्या."

जोडी हातोहात फिरली. कुणी गालाला लावली. कुणी म्हणालं, असलं काम गावात आजवर झालं नाही. नेकबख्तखाला तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात बसली. जोडी सवसनपर्यंत आली. तिनं एक मोजा हातावर चढवला, टोक चाचपलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"आता ठरलंच," शकरमोबीबी म्हणाली, "पुढच्या वर्षीपासून टोकं कायमची सवसनच घालणार."

"माझी आहे ती!" नेकबख्तखाला ओरडली.



"काय तुझी?" बीबीनं विचारलं.

"जोडी. मी विणलीय. टोकापासून वरपर्यंत."

"मग सवसनची कुठे गेली?"

आता मागे फिरायला वाट नव्हती. "उसवली मी."

"उसवली? का गं बाई?"

"टोक तिचं होतं म्हणून!" तिचा आवाज चिरकला. "बावीस वर्षं मी घातली टोकं. एक पोर तरी दगावलं का माझ्या टोकानं? कुणी मला विचारलं तरी का? गुंडा उचलला नि ठेवला तिच्या मांडीवर!"

शकरमोबीबीनं पोतं बाजूला सारलं. नेकबख्तखालानं ओढणीनं नाक पुसलं, आणि लाज, राग, सगळं विसरून हळूच विचारलं, "पण झालीय चांगली, नाही का?"

उत्तर सवसननं दिलं. तिनं मोजा हातावरून उतरवला आणि नीट घडी घातली.

"झालीय, खाला," ती म्हणाली. "माझ्या हातून अशी व्हायची नाही."

हेच ऐकायला नेकबख्तखाला सबंध हंगामभर तडफडली होती. आता अकरा बायकांच्या देखत ऐकलं, आणि कुणाच्या तोंडाकडे बघावं ते तिला कळेना.