मास्तरांचा गुडघा

मास्तरांचा गुडघा दुखत नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण कारखान्यात सगळ्यांना त्या गुडघ्याची फार काळजी होती आणि तुम्हीही उगाच त्या काळजीत पडाल.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कापडाच्या कटिंगचे. गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात ते बावीस वर्षं कापड कापत होते. लांबलचक टेबलावर कापडाचे ऐंशी थर एकावर एक पसरायचे, सगळ्यात वरच्या थरावर खडूने भाग आखायचे आणि उभ्या पात्याच्या मशीनने ऐंशीच्या ऐंशी थर एकदम कापायचे. हातात पोलादी जाळीचा मोजा. इथे चुकलं तर एक कोट वाया जात नाही, ऐंशी जातात. म्हणून कारखान्यात एक रीत होती, तिला सगळे ‘पुकारा’ म्हणत. पातं लावण्याआधी मास्तरांनी आखलेल्या एकेका भागावर हात ठेवून त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं, आणि शिलाई विभाग सांभाळणाऱ्या ताईंनी टेबलापलीकडे उभं राहून, नीट बघून, “आहे” म्हणायचं. पाठ? आहे. कॉलर? आहे. डावी बाही? आहे. यात चांगली वीस मिनिटं जात. ही रीत मास्तरांनीच पाडली होती, आणि तिचा नियमही त्यांचाच: पुकारा न करता कापेल त्याने महिनाभर मशीनला हात लावायचा नाही. आजवर दोघांना त्यांनी असं टेबलावरून उतरवलं होतं आणि दोघांनाही वर भाषण ऐकवलं होतं.

तर असे हे नाकासमोर चालणारे गृहस्थ. त्यांना लंगडायची वेळ का आली?

चार महिन्यांपूर्वी त्यांच्या बायकोला शहराच्या बसवर ड्रायव्हरची नोकरी लागली. लायसन्स काढून तिला सहा वर्षं झाली होती. तीनदा अर्ज केला आणि तीनदा मागे घेतला. एकदा सासूचं आजारपण आडवं आलं, एकदा मुलीचं, आणि एकदा खुद्द मास्तरांचं ‘पुढच्या वर्षी बघू’. चौथ्यांदा बोलावणं आलं तेव्हा मात्र मास्तरांना स्वतःचीच लाज वाटली. ते म्हणाले, “तू जा. घरचं मी बघतो.”

म्हणायला काय जातं! ती पहाटे पाचला बाहेर पडायची. सकाळची गर्दी सांभाळायची, संध्याकाळची गर्दी सांभाळायची, मधले तीन तास गावाच्या पार दुसऱ्या टोकाला डेपोत काढायचे, आणि घरी यायला साडेसहा. म्हणजे डबे मास्तरांनी करायचे, कपडे मास्तरांनी वाळत घालायचे आणि नऊ वर्षांच्या ठकीची वेणीही मास्तरांनीच घालायची. ऐंशी थरांतून केसभर न हलणारी रेघ कापणाऱ्या या माणसाला मुलीचा भांग काही सरळ पाडता येईना. ठकी शाळेत वाकडा भांग घेऊन जायची आणि वर सांगायची, “असू दे बाबा, टोपी घालीन.”

पण एक गोष्ट मास्तरांच्या लक्षात आली होती. बायको संध्याकाळी दमून यायची, पण उजळून यायची. कुठल्या वळणावर कोण आडवं आलं, कुठल्या म्हातारीने उतरताना तिच्या गालावरून हात फिरवला, हे ती भाजी चिरता चिरता सांगायची आणि मध्येच गुणगुणायची. लग्नाला सोळा वर्षं झाली, हिला गाता येतं हे त्यांना आत्ता कळत होतं. हे गाणं बंद पडू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. आणि भीतीही तेवढीच होती. घरच्या ओढाताणीपायी नवऱ्याचं काम बिघडतंय असा नुसता वास जरी तिला आला, तरी ही चौथ्यांदाही माघार घेईल, याची त्यांना सोळा आणे खात्री होती.

ओढाताण खरी होती ती साडेतीनची. त्या वेळी शाळा सुटायची. ठकीला आणून शेजारच्या आजींकडे सोडायचं आणि परत यायचं, अर्धा तास लागायचा. मालकीणबाईंना सरळ विचारता आलं असतं. पण कारखान्यात एकाला कळलं की सगळ्यांना कळतं, आणि मग बायकोला घरी बसवा असा सल्ला द्यायला माणसं टपलेलीच असतात. मास्तरांना हे पक्कं ठाऊक होतं, कारण पूर्वी हा सल्ला त्यांनी स्वतःच दोन-तीन जणांना दिला होता. शिवाय ठकीच्या वर्गातल्या दोन मुलींच्या आया याच कारखान्यात शिवायला होत्या. गोष्ट घरी पोचायला कितीसा वेळ! म्हणून त्यांनी थाप मारली. “गुडघ्याला शेक घ्यायला जातो रोज.”

थाप मारली की ती निभवावी लागते. मास्तर लंगडू लागले. सकाळी डावा पाय ओढत यायचे, संध्याकाळी कधी कधी उजवा. शिवणाऱ्या बायकांनी तेल सुचवलं, पट्टा सुचवला, एकीने तर तिच्या दिराने केलेले व्यायाम सगळ्यांसमोर जमिनीवर बसून करून दाखवले. मास्तरांनी सगळ्यांचे आभार मानले. आणि तो गेलेला अर्धा तास भरून काढायला त्यांनी हळूच पुकारा सोडला. ताईंना म्हणाले, “तुम्ही कशाला उठता, मी दोनदा बघितलंय.” बावीस वर्षांच्या माणसाचा शब्द. ताईंनी मानला.

जवळजवळ चार महिने काही बिघडलं नाही. मग एके दुपारी दवाखान्याच्या नर्सबाईंचे कोट कापायचे होते. बाहीचा नमुना पुठ्ठ्याचा असतो. तो एकदा ठेवून आखला की डावी बाही, पालथा करून आखला की उजवी. मास्तरांनी डावी आखली आणि खिशातला फोन वाजला. ठकीच्या बाई होत्या. “थोडा ताप आहे तिला. घाबरू नका, झोपवलंय. पण आज वेळेवर या.” घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं. त्यांनी पुठ्ठा होता तसाच पुढे सरकवला, आखला, मशीन सुरू केलं, सगळं कापून बाजूला ठेवलं आणि जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत धूम ठोकली.

ओळीने बसलेल्या चोवीस बायकांनी तो गुडघा उतरताना पाहिला.

ठकीचा ताप संध्याकाळपर्यंत उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई दोन बाह्या दोन हातांत धरून मास्तरांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

“मास्तर, एक विचारू? या दवाखान्यात सगळ्यांचे दोन्ही हात डावेच आहेत का?”

मास्तरांनी बाह्यांकडे पाहिलं. कापडाला सुलट-उलट बाजू असते, डावी बाही फिरवून उजवी करता येत नाही. त्यांनी हातातला जाळीचा मोजा काढून टेबलावर ठेवला आणि आपण होऊन मालकीणबाईंच्या खोलीत गेले. नियम त्यांचाच होता, दुसऱ्या कुणी सांगायची वाट कशाला बघायची?

मालकीणबाईंच्या कानावर सगळं आधीच गेलं होतं. त्यांनी खुर्ची पुढे केली. “बसा. गुडघा कसाय?”

“कुठला?” मास्तर म्हणाले, आणि आपण काय बोललो ते कळून त्यांचा चेहरा पडला.

मग मात्र बांध फुटला. पहाटेचे पाच, डबे, भांग, साडेतीन, ताप, बस, सगळं सांगून झालं. मालकीणबाई ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, “अहो, मला विचारायचं तरी.”

“विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता. पण मग ते तिच्या कानावर गेलं असतं. ती नोकरी सोडेल, बाई. तिला आवडतं हो ते काम. फार आवडतं.”

हे बोलता बोलता या पन्नाशीच्या माणसाने खिशातून रुमाल काढला. मालकीणबाईंनी खिडकीकडे बघून त्यांना डोळे पुसायला वेळ दिला.

“नियम मोडायचा नाही,” त्या म्हणाल्या. “महिनाभर मशीन ताईंकडे. आणि जेवणाची सुट्टी तुम्ही दीडऐवजी साडेतीनला घेत जा. जाऊन या ठकीला आणायला, लंगडू नका. आणि आज घरी सांगा. उद्या विचारणार आहे मी.”

बस. एवढंच होतं. जेवणाची सुट्टी दोन तास पुढे ढकलायची, यासाठी हा शहाणा माणूस चार महिने दोन पायांवर आलटून पालटून लंगडला.

पुढचा महिना कसा गेला ते आधीच सांगतो, कारण ते सोपं आहे. त्याच थानातून उजव्या बाह्या कापल्या, आणि जास्तीच्या ऐंशी डाव्यांतून कोटांचे खिसे निघाले. ताईंचा हात मशीनवर मास्तरांपेक्षाही स्थिर निघाला. इतकी वर्षं समोरून बघून बघून त्यांना सगळं पाठच होतं. मास्तर टेबलापलीकडे उभे राहून “आहे” म्हणत. “उजवी बाही?” असं ताई विचारायच्या, तेव्हा सगळा कारखाना शिवणं थांबवून मास्तरांच्या उत्तराची वाट बघायचा. मास्तरांनाही हसू यायचं. त्यांना नीट झोप लागू लागली, अन्नाला चव आली, आणि महिना संपल्यावरही एक टेबल त्यांनी ताईंकडेच ठेवलं, कारण दोघांनी मिळून काम जास्त उठत होतं.

अवघड होती ती त्याच दिवसाची संध्याकाळ. बायको आली, गणवेशाची बटणं काढत खुर्चीत टेकली. ठकी आजींकडे खेळत होती. मास्तरांनी बायकोपुढे चहा ठेवला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. गुडघ्याशी आल्यावर ती इतकी हसली की कप खाली ठेवावा लागला. बाह्यांशी आल्यावर तिचं हसू थांबलं.

“ऐंशी बाह्या?”

“एकशे साठ. त्यातल्या निम्म्या बरोबर होत्या.”

“ते सोडा. मला का नाही सांगितलंत?”

मास्तर खाली बघत म्हणाले, “तू नोकरी सोडली असतीस.”

“कोण म्हणालं?”

“मागे तीनदा माघार घेतलीस ना.”

“तेव्हा घेतली, कारण एकदाही कुणी मला जा म्हणालं नव्हतं. अहो, आता त्या सीटवर बसले मी. चाळीस माणसं मागे बसतात माझ्या भरवशावर. नसती सोडली. तुम्ही बोट जरी कापून घेतलं असतंत ना, तरी नसती सोडली. चार दिवस रजा टाकली असती, तुमची पट्टी बदलली असती आणि पाचव्या दिवशी पहाटे गेले असते. रागावलात?”

मास्तर कसले रागावतात! चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा जीव भांड्यात पडला होता. ते तिच्यासमोर स्टूल ओढून बसले.

“परत एकदा सांग,” ते म्हणाले.

“काय?”

“तेच. नसती सोडली म्हणालीस ते.”

तिने परत सांगितलं.