गुरुनाथअण्णांचा संशय

गुरुनाथअण्णा चहासुद्धा आधी हुंगत, मग चहावाल्याकडे रोखून बघत आणि मगच कप तोंडाला लावत. निपाणीचा हा इंजिनिअर यशवंतपूरच्या आमच्या कंपनीत पहिल्या दिवसापासून होता. आधी कंपनी इमारतींतले दिवे, पंप, लिफ्ट एका जागेवरून चालवायची यंत्रणा बनवायची. पुढे त्याच विद्येतून स्मार्ट मीटर आला. मीटर अण्णांच्या डोक्यातून निघालेला, पण त्यांचा त्याच्यावरही भरवसा नव्हता. "मोजतंय म्हणजे बघतंय. आणि बघितलेलं कुणाला जाऊन सांगतंय, ते आधी हुडकायचं, कळलं काय?" असं ते म्हणायचे.

नवा मीटर बाजारात जाण्याआधी कर्मचाऱ्यांच्या घरी बसवायचा, ही आमच्याकडची रीत. आपल्या गीझरचा आलेख ऑफिसच्या पडद्यावर बघायला आम्हाला मजा वाटे. अण्णा तेवढे कपाळाला आठ्या घालून बसत.

मग कंपनी विकली गेली आणि नवे साहेब आले. एका मीटिंगमध्ये पडद्याकडे बघत ते मला म्हणाले, "आप गुरुवार को बीमार थीं ना? घर में तो दिनभर पंखा भी नहीं चला."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी नोकरीत अजून कायम झाले नव्हते. आता गेलीच नोकरी, असं मी धरून चालले.

अण्णा सावकाश उठले. "उस मीटर पे भरोसा मत करो, साब. गलत दिखाता है. मैंने बनाया है, मुझे मालूम है."

मीटर ग्राहकांना दाखवायला आठवडा उरलेला असताना ते हे बोलले. साहेबांचा चेहरा पडला. माझा विषय तिथेच मिटला, पण मीटरचं काम अण्णांकडून काढून घेतलं आणि त्यांना होसकोटेच्या गोदामावर पाठवलं. ऑफिसात त्यानंतर कोणी कोणाशी मोकळं बोलेना. अण्णांनी थोड्याच दिवसांत राजीनामा दिला.

मी त्यांच्या चामराजपेटच्या घरी गेले. मला फार अपराधी वाटत होतं. मीटर अचूक होता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"अण्णा, त्या गुरुवारी मी कुठे होते, ते तरी ऐका."

"बेड, सांगू नको," ते कानडी-मराठीत एकदमच नको म्हणाले. "ते कुणाला कळू नये म्हणून तर मी मीटरला खोटं पाडलं. त्या 'कुणाला'मध्ये मीबी आलो की."