अळणी सोमवार

देवावर माझा विश्वास होता, पण त्याच्या दयेवर नव्हता, हे आज कबूल करायला हरकत नाही. न्हावा शेवा बंदरात क्लिअरिंग एजंट म्हणून माझी तीस वर्षं गेली. परदेशातून कोणाचा माल आला की त्या मालकाचं अधिकारपत्र घ्यायचं, त्याच्या वतीनं कस्टमच्या खिडकीपुढे उभं राहायचं, कागद दाखवायचे आणि कंटेनर सोडवून आणायचा, हे माझं काम. एका आकड्याची चूक झाली तरी फाइल परत येते, आणि फाइल परत आली की सगळं पहिल्यापासून. अशा धंद्यात केस पांढरे झाले की माणूस देवालाही खिडकीमागे बसवतो. माझा देव तसाच होता. नियम पाळले तर शिक्का मारणारा आणि चुकले तर फाइल फेकणारा.

मागच्या वर्षी माझ्या मोठ्या आतड्याला कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, गाठ काढली, पण डॉक्टर मॅडमनी सांगितलं की रोग पुन्हा उलटू नये म्हणून केमोथेरपी घ्यावी लागेल, दर पंधरा दिवसांनी मंगळवारी, एकूण बारा वेळा. मी घाबरलो. पण घाबरलो की मी जास्त हट्टी होतो, हा माझा स्वभाव. कळंबोलीला आमच्या सेक्टरात शंकराचं छोटं देऊळ आहे. तिथे जाऊन मी हातावर पाणी घेऊन संकल्प सोडला आणि सोळा सोमवारांचं व्रत धरलं. आमच्या आईनं पाळलं होतं तसंच, कडक. सोमवारी दिवसभर उपास, एकदाच कणकेचा गूळ-तूप घातलेला चुरमा, आणि मीठ जिभेला लावायचं नाही. एक जरी सोमवार मोडला, तरी पुन्हा एकपासून मोजायचं. सोळा पुरे झाले की मी वाचेन, मधे मोडलं तर नाही, असा करार मी परस्पर करून टाकला. देवानं त्यावर सही केली की नाही हे मी विचारलंही नाही.

डॉक्टरांना यातलं काही बोललो नाही. आमच्या धंद्यात एक सवय लागते, विचारलं नाही ते सांगायचं नाही. आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, "पथ्य पाळता ना?" मी म्हटलं, "अगदी काटेकोर." खोटं नव्हतंच ते. बायको मात्र काळजीत होती. "अहो, अंगात ताकद नाही, उपास कसले करताय?" असं ती दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा मी अशी नजर टाकली की ती उठून कणीक भाजायला गेली. त्या नजरेची मला आज लाज वाटते.

पहिले दोन डोस कसेबसे झाले. पोट बिघडायचं, पाण्यासारखे जुलाब व्हायचे, आणि त्यात सोमवार यायचा. उलटीच्या भीतीनं पाणीही घोटभरच घ्यायचो. तिसऱ्या डोसच्या मंगळवारी सकाळी रक्त तपासलं तर सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, खाली गेलेलं, किडनीचा आकडा वर चढलेला. मॅडमनी डोस पुढे ढकलला, सलाइन लावलं आणि गुरुवारी पुन्हा रक्त तपासलं, तेव्हा सगळं ठीक निघालं. म्हणून पुढचा मंगळवार दिला. त्या मंगळवारी पुन्हा तेच, सोडियम खाली. मॅडमनी माझी ब्लडप्रेशरची गोळी बदलली, जुलाबाचं औषध बदललं, किडनीच्या डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार चालला होता, आणि आग कुठे आहे हे ठाऊक असलेला माणूस समोर तोंड शिवून बसला होता. शेवटी मॅडम शांतपणे म्हणाल्या, "या औषधात वेळ पाळणं महत्त्वाचं असतं. अजून एकदा असं झालं तर डोस कमी करावा लागेल, कदाचित थांबवावासुद्धा लागेल." बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. माझे तेव्हा सहा सोमवार झाले होते, दहा राहिले होते, आणि व्रत मोडायचं नाही हेच मी मनात घोकत होतो.

त्या डे-केअर वॉर्डात सुनंदा सिस्टर होत्या. चाळिशीच्या असतील, बंदराजवळच्या जासई गावच्या राहणाऱ्या. बोलणं एरवी साधं मुंबईचं, पण राग आला किंवा माया आली की गावची भाषा बाहेर पडायची. रिपोर्ट फाइलला लावायचं काम त्यांचं होतं. त्या दिवशी मला सलाइन लावून झाल्यावर त्या फाइल घेऊन माझ्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसल्या. दोन कागद माझ्या मांडीवर ठेवले. म्हणाल्या, "काका, ह्यो गुरवारचा रिपोर्ट, चांगला. ह्यो आजचा मंगलवारचा, वाईट. मागच्या मंगलवारचा पन वाईट. सोमवारी तुमी घरी काय करताव?"

तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या कागदांतल्या चुका काढल्या. इन्व्हॉइसवर एक तारीख आणि पॅकिंग लिस्टवर दुसरी असली की माझं बोट बरोबर तिथेच जायचं. आणि इथे वॉर्डातली धावपळ सांभाळून एका बाईनं माझी फाइल माझ्यापेक्षा नीट वाचली होती. मी म्हटलं, "काही नाही, विशेष काही नाही." चोराच्या मनात चांदणं, माझा आवाज मलाच खोटा वाटला. तेवढ्यात बायको उठून उभी राहिली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. व्रत, चुरमा, मीठ, विचारल्याशिवाय न सांगायची माझी धंद्यातली सवय, सगळं. सांगताना ती रडत होती.

सिस्टर ओरडतील अशी मी तयारी केली होती. त्यांनी आधी माझ्या हातातली सुई नीट बसली आहे ना ते बघितलं. मग म्हणाल्या, "माजी आजी उभा जनम मिठागरान राबली. पायाला चिरा पडल्या तिच्या मीठ काढून काढून. तिच्या हातचा मीठ तुमच्या देवाला चालत नाय व्हय?" मी म्हटलं, "सिस्टर, तसं नाही. संकल्प सोडलाय मी. मोडला तर मी नाही वाचणार." हे वाक्य मी पहिल्यांदाच कोणापुढे उच्चारलं. उच्चारल्यावर कळलं की मला मरणाची किती भीती वाटत होती. छप्पन्न वर्षांचा मी त्या खुर्चीत लहान मुलासारखा रडलो.

सिस्टरनी मला रडू दिलं. मग विचारलं, "तुमी कामाला काय करता, काका?" मी सांगितलं. "म्हंजे माल दुसऱ्याचा, आनि खिडकीवर उबे तुमी?" मी हो म्हटलं. "कस्टमवाला म्हनतो का, मालकच पायजे?" मी म्हटलं, "नाही. अधिकारपत्र असलं की आमची सही चालते." त्या उठल्या, सलाइनचा वेग बघितला आणि अगदी कामाचं सांगावं तशा म्हणाल्या, "मंग तुमचे ऱ्हायलेले दहा सोमवार मी धरीन. अळणी, तसेच. तुमी मीठ घालून जेवायचा, पानी प्यायचा आनि मंगलवारी येऊन हात पुढं करायचा. तुमच्या वतीनं मी उबी ऱ्हायली तं देव नाय म्हनल?"

तीस वर्षांत माझ्यापुढे इतका बिनतोड मुद्दा कोणी मांडला नव्हता. मी वाद घालायचा प्रयत्न केला, की तुमची ड्यूटी उभ्याची, तुम्हाला झेपणार नाही. त्या म्हणाल्या, "ते माज्यावर सोडा." आणि मॅडमना सगळं स्वतः जाऊन सांगितलं. मॅडम माझ्यापाशी आल्या, रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "एवढं माझ्याजवळ बोलला असतात तर दोन आठवडे वाचले असते." ती टोचणी मला पुरली.

पुढच्या सोमवारी बायकोनं तांदळाची पेज केली, वर मीठ घातलं, आणि वाटी माझ्यापुढे ठेवून स्वतः दाराशी उभी राहिली. माझा हात पुढे जाईना. मनात म्हटलं, शंभो, सही माझी नाही, पण अधिकारपत्र दिलंय. आणि पहिला घोट घेतला. इतकी चव मला कधी कळली नव्हती. मंगळवारी रिपोर्ट आला, सोडियम जागेवर. रक्त काढणाऱ्या मामांनीच आधी हसून अंगठा दाखवला. तिसरा डोस लागला.

खरं सांगतो, सिस्टर खरंच उपास धरत असतील यावर माझा विश्वास नव्हता. पेशंटची समजूत घालायला नर्स काय वाटेल ते बोलतात असं मला वाटायचं. पुढे एका सोमवारी दुपारी, केमोसाठी दंडात कायमची बसवलेली नळी साफ करून घ्यायला मी वॉर्डात गेलो. स्टाफच्या खोलीचं दार उघडं होतं. बाकीच्या सिस्टर डबे उघडून बसल्या होत्या, सुकटीच्या चटणीचा वास सुटला होता. सुनंदा सिस्टरपुढे स्टीलची छोटी डबी होती आणि तिच्यात चुरमा. एक जण त्यांना चिडवत होती, "हिचा नवरा ठणठणीत, पोरं ठणठणीत, हिला कशाला पायजे सोमवार?" सिस्टर म्हणाल्या, "माझ्या पार्टीचा माल अडकलाय बंदरात," आणि सगळ्या हसल्या. मी दारातून मागे फिरलो आणि जिन्यात उभा राहिलो. देवळात मी आयुष्यभर डोकं टेकवलं होतं, पण त्या जिन्यात जसा वाकलो तसा कधी वाकलो नव्हतो.

त्या दिवसानंतर मी जिद्दीला पेटलो. आधीचा हट्ट माझ्या मर्जीचा होता, आता दुसऱ्याच्या उपासाची जबाबदारी अंगावर होती. अन्न समोर आलं की मळमळायचं, तोंडात धातूची चव यायची, पण ताट मी कधी परत पाठवलं नाही. उलटी झाली तर तोंड धुऊन पुन्हा बसायचो. बोटं बधिर झाली तरी सकाळी देवळापर्यंत चालत जायचो आणि परत यायचो. बारापैकी एकही डोस पुन्हा पुढे ढकलावा लागला नाही. डोस घेताना त्या खुर्चीतून मी माणसं बघायला शिकलो. शीर सापडेपर्यंत माझा हात आपल्या हातात धरून गरम करणारे मामा, उलटीचं भांडं नाक न मुरडता उचलणाऱ्या मावशी, नावानं हाक मारून मगच खोलीत येणाऱ्या मॅडम. यातल्या कोणालाही मी नवस बोललो नव्हतो.

उपचार संपले, तपासण्या झाल्या, आणि मॅडमनी सांगितलं की सध्या रोगाचा कुठेही मागमूस नाही, आता ठरल्या वेळी येत राहायचं. व्रताचं उद्यापन मी मुद्दाम तोवर थांबवलं होतं. पुढच्या सोमवारी बायकोनं चुरमा केला. त्याचे तीन भाग करायची रीत आहे. एक देवाला, एक वाटायला आणि एक घरच्यांना. देवाचा भाग देवळात ठेवून वाटायचा भाग घेऊन मी वॉर्डात गेलो. सुनंदा सिस्टरनी डबा बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मला बाजूला नेलं.

"काका, एक सांगायचा होता. तुमचा तेरावा सोमवार माज्या हातून मोडला. दोघी रजेवर होत्या, एका पेशंटला औषधाची रिॲक्शन आली, सकाळपासून बसायला मिळाला नव्हता. मना चक्कर आली. मोठ्या सिस्टरनी मीठ-साखरेचा पानी पाजला. मी नाय म्हटला, पन घशाखाली गेला." त्या खाली बघत होत्या. मी विचारलं, "तेव्हाच का नाही सांगितलंत?" "सांगितला असता तं तुमी परत एकपासून धरले असते. उपाशी. डोस ऱ्हायला असता तुमचा." मग जरा वर बघून म्हणाल्या, "आनि तुमची बायको म्हनली होती ना, तुमच्या धंद्यात इचारला नाय तं सांगत नाय."

एक क्षण माझ्यातला जुना एजंट जागा झालाच. एक कागद कमी आहे, फाइल अपुरी आहे. आणि लगेच आठवलं, त्या तेराव्या सोमवारनंतरच्या मंगळवारी मी याच वॉर्डात हात पुढे करून बसलो होतो. रिपोर्ट चांगला होता, औषध लागलं होतं, आणि चक्कर येऊन गेलेल्या याच बाईनं दुसऱ्या दिवशी मला ते लावलं होतं. व्रत मोडलं होतं आणि कृपा मात्र थांबली नव्हती. ज्या देवाला मी आयुष्यभर खिडकीमागे बसवलं, तो तिथे कधी नव्हताच. तो खिडकीच्या या बाजूला, माझ्या बाजूला उभा होता, माझ्या वतीनं. मी फक्त अधिकारपत्र द्यायला उशीर केला होता.

मी डबा त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "सिस्टर, मोडला नाही. पण तुमच्या मनाला रुखरुख नको. तो एक सोमवार मी धरतो. आता माझी तब्येत चांगली आहे."

सिस्टरनी डोळे पुसले आणि माझ्याकडे बोट रोखलं. "धरा. पन मीठ खाऊन धरा."

तो सोमवार मी तसाच धरला, आणि त्यानंतरचे सगळेच. आता सोमवारी आंघोळ करून मी देवापुढे बसतो, काही मागत नाही. त्या वॉर्डातली नावं एकेक करून घेतो, मामांचं, मावशींचं, मॅडमचं, सुनंदा सिस्टरचं. मग बायको पेज वाढते. पहिल्या घासाआधी चिमूटभर मीठ जिभेवर ठेवतो, हात जोडतो आणि पोटभर जेवतो.