सरकीची खोली

शेषराव देशमुखांचं अक्षर इतकं देखणं, की कचेरीतला कुठलाही महत्त्वाचा कागद बुलढाण्याला जायचा असला की आधी त्यांच्यापुढे यायचा. एकोणीसशे चौसष्ट साली ते शेतीचे विस्तार अधिकारी होते आणि त्यांच्या हाताखाली अकरा ग्रामसेवक होते. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत, त्याच देखण्या अक्षरात, त्यांनी माळखेडच्या ग्रामसेवकाच्या गोपनीय अहवालात दोन ओळी लिहिल्या: ‘नेमणुकीच्या गावी मुक्काम करीत नाही. गावाशी समरस होत नाही.’ लिहून झाल्यावर टाक पुसला आणि चहा मागवला.

तो ग्रामसेवक म्हणजे शंकरराव गवई. तीन वर्षं नोकरी झाली होती, कायम व्हायचा बाकी होता. आई तानाबाई रोजाने निंदायला जायची, आणि मॅट्रिक होऊन सरकारी कागदावर सही करणारा त्या घरातला हा पहिलाच. असल्या दोन ओळी बुलढाण्याला पोचल्या की माणूस कायम होत नाही, सरळ घरी जातो. हे शेषरावांना पक्कं ठाऊक होतं, पण आपण काही खोटं लिहिलेलं नाही याचं त्यांना समाधान होतं.

आणि खोटं नव्हतंच. शंकरराव चिखलीत, कचेरीच्याच गावी, चांगुणा मावशीकडे राहायचा आणि सात मैल सायकल हाणत माळखेडला जायचा. शेषराव जीपने तपासणीला जायचे तेव्हा हा घामाघूम होऊन उशिरा उगवायचा. दुपारी उत्तमराव पाटलाकडे पाटपाणी झालं की नेमका गायब. उत्तमराव म्हणजे शेषरावांच्या बायकोचा, आशाबाईंचा सख्खा धाकटा भाऊ. मेहुण्याच्या ओसरीवर भाकरीवर लोणी घेत शेषराव म्हणायचे, "पोरगा हुशार आहे, पण गावात मिसळत नाही." मिसळावं कसं, हे सांगायची तसदी मात्र त्यांनी कधी घेतली नाही.

मार्चात सगळ्या ग्रामसेवकांचं तीन दिवसांचं शिबिर चिखलीच्या एका शाळेत भरलं. घ्यायला आल्या होत्या मुख्यसेविका सिंधूताई. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, आणि आवाज असा की मागच्या रांगेतल्याची डुलकी मोडावी. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना मैदानात काढलं. कबड्डीच्या रेघा मारायची चुन्याची फक्की प्रत्येकाच्या ओंजळीत दिली.

"नेमणुकीच्या गावातला आपला एक दिवस जमिनीवर काढा," त्या म्हणाल्या. "झोपता कुठे, पाणी पिता कुठे, जेवता कुठे, काम कुठे. एक मैल म्हणजे पंधरा पावलं. साहेब लोकांनीही काढायचं. तुम्हीही कधीतरी ग्रामसेवक होताच."

शेषरावांना हा पोरखेळ वाटला. तरी त्यांनी काढलं, कारण काढायला फार नव्हतं. ते स्वतः माळखेडलाच तीन वर्षं ग्रामसेवक होते, तेही उत्तमरावाच्या वाड्याबाहेरच्या खोलीत, फुकट. खोलीपुढे विहीर, विहिरीपलीकडे ओसरी, ओसरीला लागून चावडी. फक्की ओंजळीत निम्म्याहून जास्त उरली.

"आता शेजाऱ्याच्या रेघेवरून चाला," सिंधूताई म्हणाल्या.

शेजारी शंकरराव होता. तो शेषरावांच्या रेघेवरून निघाला आणि नऊ पावलांत परत येऊन उभा राहिला. मग त्याला सोबत घेऊन शेषराव त्याच्या रेघेवर निघाले ते चालतच राहिले. रेघ मैदान ओलांडून शाळेच्या फाटकापर्यंत गेली, तिथून कुंपणाच्या कडेने वळली. बाकीचे आपापलं उरकून सावलीत बसले होते. कुणीतरी हसून म्हणालं, "साहेब आज माळखेडले पोचूनच राह्यले." शेषरावही हसले. मग वाटेत एक छोटं वर्तुळ लागलं.

"हे काय आहे शंकरराव?"

"पाणी आहे साहेब. नाल्यात झिरा आहे. तेथी पितो मी."

"गावात विहिरी आहेत ना."

शंकरराव पुढे चालू लागला. पुढे एका बाभळीची खूण होती, तिथे त्याचं जेवण. तिथून रेघ चावडीला गेली, शाळेला गेली, पाच-सहा शेतांना गेली. एवढ्या लांब रेघेत माळखेडातलं एकही घर नव्हतं. शेषरावांनी परत येईतो दोनदा नजर फिरवून पाहिलं, खरंच एकही नव्हतं.

"मुक्काम काऊन नाही केला गावात?" त्यांनी विचारलं. स्वतःचा आवाज त्यांना कचेरीतला वाटला.

"खोली भेटली नाही साहेब. तुम्हीच तं सांगतलं होतं पाटलाले. सरकी भरेल हाये म्हणे."

आणि मग शेषरावांना ते आठवलं. खरं सांगायचं तर आठवलं नाही, कारण विसरलेच नव्हते. तीन वर्षांपूर्वी माळखेडच्या ओसरीवर त्यांनी मेहुण्याला सांगितलं होतं, नवीन ग्रामसेवक येतो आहे, माझी जुनी खोली त्याला दे. उत्तमरावाने विचारलं होतं, नाव काय म्हणता? गवई? मग थोडं थांबून म्हणाला होता, "खोलीत यंदा सरकी भरेल हाये, दाजी." शेषराव म्हणाले होते, "बरं, पाहील कुठंतरी." आणि ताटातल्या वरणावर तूप वाढून घेतलं होतं. त्या तुपाची आता त्यांना लाज वाटली.

संध्याकाळी ते थेट गटविकास अधिकारी महादेवरावांकडे गेले. अहवाल अजून त्यांच्या टेबलावरच होता.

"लिहिलेलं खोडता येत नाही," महादेवराव म्हणाले. "खुलासा जोडता येते. पण कारण लिहा. काय लिहिता?"

"त्याले गावात खोली भेटली नाही."

"तुम्हाले भेटली होती ना? मग त्याले काऊन नाही? बुलढाण्याचे साहेब हेच विचारतीन. पाहून या अन् लिहा. सोमवारी डाक जाते."

रविवारी शेषरावांनी जीप मागितली नाही. कचेरीतली सायकल काढली. बेचाळिशीचं शरीर, दोन चढ आणि मार्चचं ऊन. नाल्याजवळ उतरले तेव्हा त्यांना सपाटून तहान लागली होती. झिऱ्यात गुडघ्यावर वाकून माणूस पितो तेव्हा शर्टाची बाही चिखलात भिजते, हे त्यांना त्या दिवशी कळलं. शंकररावाची बाही नेहमी मळलेली असते, याबद्दलही ते एकदा सगळ्यांदेखत त्याला बोलले होते.

उत्तमराव ओसरीवरच होता. "या दाजी, सायकलनं काऊन?" म्हणत त्याने गडव्यातून पाणी पुढे केलं. शेषरावांनी गडवा घेतला नाही.

"ती बाहेरची खोली दाखव."

"काय पाहता, सरकी हाये त्यात."

"तीच पाहतो."

उत्तमरावाने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, मग किल्ली आणली. कुलूप गंजलेलं होतं, दार ढकलावं लागलं. आत सरकीचा एक दाणा नव्हता. जमिनीवरचं जुनं सारवण तसंच होतं. कोपऱ्यात त्यांचीच जुनी बाज उभी टेकवलेली, भिंतीवर त्यांनीच ठोकलेला सदऱ्याचा खिळा, आणि खिळ्याखाली एकोणीसशे साठचं बियाण्यांच्या दुकानाचं कॅलेंडर.

"तीन वर्षं," शेषराव म्हणाले, "तू माझ्याशी खोटं बोलला."

"खोटं?" उत्तमराव शांतपणे म्हणाला. "दाजी, मी सरकी म्हणलं अन् तुम्ही समजले. तुम्हाले समजलं नव्हतं असं नका सांगू. दर महिन्याले इथं जेवता, खोली वीस पावलांवर. एकदा तरी म्हणले, दार उघड म्हणून?"

शेषरावांचा राग मेहुण्यावर होता तो तिथेच उतरला आणि आला तो थेट स्वतःवर. ते न जेवता निघाले.

त्या रात्री खुलासा लिहायला बसले. पहिला मसुदा झाला: ‘सदर गावी योग्य निवासस्थान उपलब्ध होऊ शकले नाही.’ छान सरकारी वाक्य. त्यात कुणी कुणाला नाही म्हटलं नव्हतं आणि कुणाचं काही चुकलं नव्हतं. शेषरावांनी ते स्वतःच्या देखण्या अक्षरात वाचलं आणि फाडलं.

आशाबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांच्या कानावर सगळं आलं होतं. "माह्या भावाचं नाव कागदावर जाईन का?" त्यांनी विचारलं.

"त्याच्याआधी माझं जाईल," शेषराव म्हणाले.

आशाबाई आत गेल्या. त्या वर्षी अक्षय्य तृतीयेला माहेराहून त्यांना बोलावणं आलं नाही, आणि हा सल त्यांनी नवऱ्याला पुष्कळ दिवस जाणवू दिला.

सोमवारी गेला तो कागद असा होता: ‘ग्रामसेवक श्री. गवई यांना श्री. उत्तमराव पाटील यांनी जातीमुळे खोली दिली नाही. खोली रिकामी होती, हे मी आज पाहिले. पूर्वी पाहिले नाही, कारण पाहायचे नव्हते. त्याच खोलीत मी तीन वर्षे फुकट राहिलो आहे. तीन वर्षे श्री. गवई रोज चौदा मैल सायकलने जाऊन-येऊन काम करीत आहेत. त्यांच्यावर लिहिलेला दोष माझा आहे.’ महादेवरावांनी तो दोनदा वाचला. "अक्षर बिघडलं आज तुमचं," एवढंच म्हणाले आणि खाली सही केली. शेषरावांनाही वरून एक लेखी ताकीद आली. ती त्यांनी फाईलला नीट लावली.

जूनमध्ये शंकरराव कायम झाला. त्याबरोबर त्याने स्वतः मागितलेली बदलीही आली, देऊळगाव राजाकडे. जायच्या दिवशी तो पदभाराची यादी घेऊन कचेरीत आला: बियाण्यांच्या चार कोठ्या, दोन फवारे, एक पेटी. शेषरावांनी यादी तपासली, सही केली. तो उठायला लागला तेव्हा त्यांनी त्याला थांबवलं. गेले तीन महिने हे वाक्य ते जवळ बाळगून होते.

"शंकरराव, माझं चुकलं."

एवढं म्हणून ते वाट पाहत राहिले. आजवर ज्याला ज्याला त्यांनी असं म्हटलं होतं तो म्हणाला होता, जाऊ द्या साहेब, होतं कधी कधी. आणि लगेच हलकं वाटायचं.

शंकररावाने यादीची घडी केली, खिशात ठेवली.

"हाव साहेब," तो म्हणाला. "चुकलं."

मग नमस्कार करून बाहेर गेला, आणि शेषरावांनी खिडकीतून त्याला सायकलवर बसताना पाहिलं.