शून्य न भरणाऱ्या रत्नाताई

फोन पल्लवीचा, रत्नाताईंच्या मुलीचा होता. मी गोल बाजारात एका स्टीलच्या डब्यासाठी घासाघीस करत होतो आणि भांड्यांच्या खणखणाटात तिचा आवाज बुडत होता. "अंकल, मम्मी नहीं रहीं... आज सुबह." रायपुरात वाढलेल्या आपल्या बहुतेक मुलांसारखी तिला मराठी कळते, पण उत्तर ती हिंदीतच देते. मी डबा तिथेच ठेवून निघालो. त्याला आता काही आठवडे झाले. तेव्हाची विशेषणं निवली आहेत, म्हणून रत्नाताईंबद्दल जरा नीट लिहावं म्हणतो.

राज्य नवं झालं तेव्हा आम्ही दोघं भोपाळहून फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर इथे पाठवले गेलो. त्या पाणीपुरवठा खात्यात सांख्यिकी अधिकारी, मी त्याच खात्याच्या प्रसिद्धी शाखेत. मंत्र्यांची भाषणं लिहिणं हे माझं काम. राजधानी जाहीर झाली होती, खुर्च्या यायच्या होत्या, पाट्या मात्र रंगवून तयार होत्या. खात्यात पहिला संगणक आला तेव्हा त्याला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, साहेबांनी बटण दाबलं आणि टाळ्या संपायच्या आत वीज गेली. फरशीवर सांडलेल्या नारळपाण्याकडे पाहत रत्नाताई म्हणाल्या, "चला, खात्यानं आज पाणी तरी पुरवलं."

त्या नम्र अजिबात नव्हत्या. संख्याशास्त्रातली एम.एस्सी. होती, ती त्या विसरत नसत आणि इतरांनाही विसरू देत नसत. एक्सेल तेव्हा नवं होतं. ज्याला ते थोडंफार यायचं तो तक्ता लग्नाच्या मांडवासारखा सजवायचा. जाड रेघा, निळ्यावर लाल अक्षरं, तिरपी शीर्षकं. रत्नाताई हा मांडव शांतपणे उतरवत. "कायले एवढ्या रेघा? आकडे का पळून चालले?" असं म्हणत रेघा पुसायच्या. आकडे उजवीकडे सरकवायचे, म्हणजे एककाखाली एकक येतं आणि लहानमोठं नजरेलाच कळतं. शीर्षकाची ओळ वर खिळवून ठेवायची, म्हणजे कितीही खाली गेलं तरी कुठला रकाना कशाचा ते दिसत राहतं. दोन जिल्ह्यांच्या मध्ये श्वासापुरती जागा सोडायची. आणि रंग अगदी जपून. "रंग म्हणजे हाक आहे, भाऊ. सगळीकडूनच हाका मारल्या तर माणूस वळंन कुठं?"

त्या वर्षी उन्हाळा तोंडावर आला होता. कोणत्या गावात किती हातपंप बंद आहेत याचा तक्ता मंत्र्यांच्या बैठकीत ठेवायचा होता. दुरुस्तीच्या गाड्या कुठे जाणार ते त्यावरून ठरणार होतं. पंप बंद असलेलं गाव लाल, एकही बंद नसलेलं हिरवं. तक्ता इतका हिरवा निघाला की साहेब खूश झाले आणि मी भाषणात समृद्धी पेरायला सुरुवात केली. रत्नाताई मात्र एका पट्ट्याशी अडल्या. जंगलाकडची ती गावं ओळीनं हिरवीगार. तिथून तर कधी वेळेवर कागदच येत नसे. त्यांनी मूळ कागद मागवले, तर ते कोरे. आमच्याकडे रिवाज असा, की सरकारी तक्त्यात रिकामी चौकट राहिली तर तो कारकुनाचा आळस ठरतो. म्हणून माहिती नसेल तिथे सगळे निष्ठेनं शून्य भरत. शून्य पंप बंद, म्हणजे गाव सुखी, म्हणजे हिरवं.

रत्नाताईंनी ती शून्यं काढली आणि रिकाम्या चौकटींना पिवळा रंग दिला. साहेबांनी भुवया चढवल्या.

"मॅडम, ये हल्दी किसकी लगा दी आपने?"

"साहब, यहाँ से खबर नहीं आई है."

"तो जीरो रहने दीजिए ना."

"जीरो भी खबर होती है, साहब. यहाँ से वो भी नहीं आई."

साहेब हसले. दूरच्या जिल्ह्यांतही सांख्यिकीवाल्यांच्या जागा रिकाम्या आहेत, असं त्यांनी सहज सांगितलं. पल्लवी तेव्हा दहावीत होती आणि घरी या दोघींखेरीज कोणी नव्हतं. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "ताई, एका रंगापायी बदली घेता काय?"

"रंगापायी नाही जी. तिथं बाया नाल्यावरून पाणी आणून राहिल्या असतील, अन् मी त्यायले हिरवं करू?" मग म्हणाल्या, "नसतील बी आणत. मले माहीत नाही. तेच तर सांगून राहिली ना मी!"

बैठकीला मंत्री चष्मा विसरून आले होते. कागद लांब धरून त्यांनी पाहिला. आकडे त्यांना दिसेनात, पिवळा पट्टा तेवढा दिसला. "ये पीला क्या है भाई?" साहेब पंख्याकडे पाहू लागले. रत्नाताई उठल्या. "यहाँ का हमको मालूम नहीं है, सर." नव्या राजधानीच्या त्या दालनात हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होतो... गाड्या आधी तिकडे गेल्या. बहुतेक पंप बंद निघाले आणि ऊन तापायच्या आत सुरूही झाले. पुढे या अभिनव रंगयोजनेबद्दल साहेबांचा शाल देऊन सत्कार झाला. मानपत्र मीच लिहिलं. रत्नाताईंची बदली टळली. शालीचं कारणच दूर पाठवून द्यायचं तर शाल कशी पांघरणार?

त्यांच्या पुण्यानुमोदनाला बूढापाऱ्यातल्या घरी बरीच माणसं जमली होती. त्या सदा हसतमुख होत्या, कोणाला कधी दुखावलं नाही, असं एकामागून एक बोललं गेलं. मला तरी वेगळ्याच बाई आठवत होत्या. मग भंडाऱ्याहून आलेल्या त्यांच्या थोरल्या बहिणीनं पल्लवीचा हात धरला. "पोरी, शांत गेली ना वं माही बहीण? तरास तर नाही झाला?" सगळी खोली त्या पोरीकडे झुकली. उत्तर प्रत्येकाच्या ओठावर तयार होतं. माझ्याही. एक 'हो' म्हटलं की म्हातारी सुखानं परत गेली असती.

पल्लवी म्हणाली, "पता नहीं, मौसी. मैं उस वक्त दवाई लेने नीचे गई थी. ऊपर आई तब तक..."

मावशीनं तिला जवळ ओढलं. "मायवरच गेली पोट्टी," ती म्हणाली. आवाजात तक्रार होती की कौतुक, मी सांगू शकत नाही. माझी मान मात्र ताठ झाली होती. त्या उत्तरानंतर उरलेल्या जागेत आपलं काही भरायची त्या खोलीत कोणाची हिंमत झाली नाही.