पासवाल्यांची सवलत

सवलत हा शब्द ऐकला की धोंडिराम खरातांचे कान टवकारत. वजनमापे खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढलेल्या माणसाचं दुसरं काय होणार? घाटकोपर ते मुलुंड पट्ट्यातल्या किती दुकानांत त्यांनी पारड्याखाली चिकटवलेली चिंच पाहिली होती, आतून तळ उचललेली मापं पाहिली होती. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी भाजीवाल्याला ते काटा आधी रिकामा दाखवायला लावत. पुढे पुढे भाजीवाला त्यांना लांबून पाहिलं की आपणहूनच काटा शून्यावर आणून दाखवू लागला. मग तर त्यांना त्याचा जास्तच संशय येऊ लागला.

अशा माणसाच्या घरात त्यांच्या सुनेने, प्रियंकाने, महामार्गावरच्या ‘नवलनगरी’ पार्कचे वर्षभराचे पास घेऊन ठेवले होते. सासू-सासऱ्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं होत होती. पार्कच्या आवारातच हॉटेल होतं आणि पासवाल्यांना खोलीवर तीस टक्के सूट होती. दोघांनी शनिवारी तिथे एक रात्र राहावं, असं तिने जेवताना सुचवलं.

“तीस टक्के कशावर, ते आधी सांग,” धोंडिराम म्हणाले.

नंदाबाई भात वाढत होत्या. ही कल्पना मुळात त्यांचीच होती. आयुष्यात एकदा तरी हॉटेलात राहावं, सकाळी उठून आपण चहा टाकायचा नाही, कुणीतरी आणून द्यायचा, एवढंच त्यांनी सुनेजवळ बोलून दाखवलं होतं. नवऱ्याजवळ बोलून काही उपयोग नाही, हे त्यांना ठाऊक होतं. कुठेही जायचं ठरलं की धोंडिराम लॉजवाल्याचं काही ना काही बिंग फोडत, आणि मुक्काम शेवटी कुणा नातेवाइकाकडे होई. तिथे चहा नंदाबाईच टाकत.

धोंडिरामनी दोन दिवस मोबाईलमध्ये डोकं घातलं. पासवाल्यांसाठी खोलीचा दर अकरा हजार, तीस टक्के वजा जाता सात हजार सातशे. त्याच पार्कच्या दुसऱ्या पानावर मात्र ‘सर्वांसाठी’ म्हणून एक ऑफर होती. तीच खोली, तोच शनिवार, दर आठ हजार नऊशे, वीस टक्के सूट, म्हणजे सात हजार एकशेवीस. वर नाश्ता त्यातच. सूट जास्त त्याला खोली महाग आणि सूट कमी त्याला स्वस्त. धोंडिरामना इतका आनंद निवृत्तीनंतर झाला नव्हता.

“कुठेतरी पाणी मुरतंय,” ते म्हणाले.

“बाबा, पाचशेऐंशी रुपयांचा फरक आहे,” प्रियंका म्हणाली. “स्वस्तवाली घेऊन टाकू ना.”

“प्रश्न पाचशेऐंशीचा नाहीच गं.”

आणि खरंच नव्हता. चोरी सापडली की ती सिद्ध करायची, एवढंच त्यांना ठाऊक. त्यासाठी त्यांची एक खास पद्धत होती. दुकानावर जाण्याआधी तिथे साधं गिऱ्हाईक म्हणून कुणालातरी पाठवावं लागे. खात्यातल्या शिपायांचे चेहरे सगळ्या बाजाराला पाठ, म्हणून धोंडिराम बायकोलाच पाठवत. पिशवी घेऊन नंदाबाई आत जात, किलोभर साखर मागत, आणि पुडी हातात पडली की मागून साहेब हजर. नंदाबाईंनी विकत घेतलेल्या साखरेतली निम्मी पुरावा म्हणून सीलबंद झाली असेल. एकदा मुलगा सम्यक चार वर्षांचा असताना तिघं जुहूला निघाले होते. वाटेत पार्ल्यात एका दुकानाच्या काट्याबद्दल धोंडिरामना शंका आली. नंदाबाईंना पाव किलो काजू घ्यायला आत धाडलं. पंचनामा संपेपर्यंत अंधार पडला आणि समुद्र राहूनच गेला. काजूही गेले.

तर आता तिसऱ्या दिवशी धोंडिराम म्हणाले, “नंदा, फोन लाव. आपल्याकडे पास आहे हे सांगू नकोस. साधी गिऱ्हाईक म्हणून विचार.”

नंदाबाईंनी पदराला हात पुसले. स्पीकर लावला. समोर गार्गी नावाची मुलगी होती, आवाज चांगला गोड. धोंडिरामनी वहीवर लगेच नाव आणि वेळ टिपली.

“सर्वांसाठीची ऑफर नाश्ता धरून सात हजार एकशेवीस, मॅम. पण यात बुकिंग रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत.”

पुढचं विचार, अशी धोंडिरामनी हाताने खूण केली.

“आणि पास असला तर?” नंदाबाईंनी विचारलं.

“पासवाल्यांना आदल्या दिवसापर्यंत रद्द करता येतं, पूर्ण पैसे परत. म्हणून तो रेट वेगळा आहे, मॅम.”

धोंडिरामांचा चेहरा पडला. ‘रद्द करणं फुकट’ ही ओळ त्यांनी वाचली होती, पण ‘फुकट’ असं लिहिलेल्या गोष्टी ते धरतच नसत. म्हणजे चोरी नव्हतीच. तरी मुलगी पढवलेली वाटते, असं त्यांनी वहीत लिहिलं.

नंदाबाईंनी मात्र फोन ठेवला नाही. “खिडकीतून काय दिसतं हो?” त्यांनी विचारलं, स्पीकर बंद केला आणि त्या आतल्या खोलीत गेल्या. धोंडिरामना बरं वाटलं. बाई मुरलेली आहे, खोदून काढतेय.

पंधरा मिनिटांनी त्या बाहेर आल्या.

“काय म्हणाली?”

“खोली घेतली. सर्वांसाठीची. माझ्या खात्यातून भरले, प्रियंकाने शिकवलंय मला.”

“अगं, ती कशाला? पैसे परत मिळत नाहीत तिचे. आपल्याकडे पास आहे, रद्द करायची सोय होती.”

“होती ना. म्हणून तर नाही घेतली,” नंदाबाई म्हणाल्या. “ती घेतली असती तर शुक्रवारपर्यंत तुम्ही काहीतरी शोधून काढलं असतं. उशांचं वजन केलं असतं. चाळीस वर्षं तुमची गिऱ्हाईक झाले मी. घरी काय आणलं?”

धोंडिरामनी वही मिटली. शेकडो दुकानदारांना त्यांनी मान खाली घालायला लावली होती, आज त्यांना स्वतःची लाज वाटली. त्या पार्ल्याच्या दुकानात काजू सील करताना ही बाई पोराला कडेवर घेऊन दारात तासभर उभी होती. तिला कंटाळा आला असेल, हे तेव्हा त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

“तुमचं नाव दिलंय. नाही आलात तर प्रियंकाच्या आईला नेईन,” नंदाबाई म्हणाल्या.

“येतो,” धोंडिराम म्हणाले. मग राहवेना. “खिडकीतून काय दिसतं म्हणाली?”

“तळं.”

“दिसेलच याची खात्री काय?”

“नाही दिसलं तर नाही दिसलं,” नंदाबाई म्हणाल्या. “मी तिथे झोपायला चाललेय, पंचनाम्याला नाही.”