रामकिसनचा पहारा

पालीच्या रामकिसनला गावात एरवी कुणी फार मोठं मानलं नाही. चार म्हशी, धरणाच्या खालच्या अंगाला थोडी ओलिताची जमीन, बीडला दूध घालायचं आणि घरी येऊन जेवायचं, असा सरळ माणूस. पण हरिनाम सप्त्याच्या दिवसांत मात्र तो गावात सगळ्यांत उंच दिसायचा. काकडा आरती झाली की त्यानंतरचा वीणेचा पहारा त्याचा होता, आणि त्याच्या आधी त्याच्या वडिलांचा. सप्ता उभा राहिला की वीणा जमिनीला टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात, हा आपल्याकडचा रिवाज. आणि ज्याच्या गळ्यात वीणा त्याच्या पाया सगळं गाव पडतं, मग तो वर्षभर कुणी का असेना. सप्ता कमिटीचे अध्यक्ष सुंदरराव, ज्यांच्या ओट्यावर आमदारकीच्या गप्पा चालतात, तेही सकाळी येऊन रामकिसनपुढे वाकायचे. एवढं सुख माणसाला पुढच्या सप्त्यापर्यंत पुरतं.

मग एका संध्याकाळी धार काढताना म्हशीनं लाथ घातली आणि घोट्याचं हाड पिचलं. प्लास्टर झालं, रामकिसन बाजेवर पडला. आयुष्यात कधी न पडलेला माणूस पडला की पडूनच राहतो. बायको, गीताबाई, पाणीसुद्धा हातात द्यायची. काही दिवसांनी पोटरी दुखायला लागली, पाय टम्म फुगला. सगळे म्हणाले, प्लास्टर आवळलं असेल, दम धर. दम धरता धरता मांडीपर्यंत सूज चढली, तेव्हा कुठं जीप करून बीडला नेलं. डॉक्टर म्हणाले, शिरेत रक्ताची गाठ झाली आहे, ती सुटून छातीत गेली असती तर भेट झाली नसती.

सुया झाल्या, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या वर्षीचा सप्ता रामकिसननं घरातूनच ऐकला. पहारा त्याच्या जागी बजरंगनं दिला. हा बजरंग म्हणजे त्याचा लहानपणापासूनचा जोडीदार. एकाच म्हशीच्या पाठीवर बसून दोघं पोहायला शिकलेले. बजरंग स्वतः घरी येऊन म्हणाला होता, "किसना, तू घोर करू नको बे. पाय बरा झाला की तुपली वीणा तुपल्या गळ्यात. मी फकस्त राखणदार हाय."

पुढं शिरांची सोनोग्राफी झाली. गाठ विरघळली होती. गोळ्या बंद झाल्या. रामकिसननं येताना पेढे आणले आणि गल्लीत वाटले. इथंच तो फसला. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात ना, ते म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट सांगायची राहू दिली आहे. काही दुखणी जातच नाहीत. जाण्याचं सोंग करून घरात दबा धरून बसतात.

सकाळी पाय चांगला असायचा. दुपार झाली की जड व्हायचा, दिवे लागायच्या वेळेला घोट्याभोवती सूज यायची, बोट दाबलं तर खळगा पडायचा. नडगीची कातडी काळपट तपकिरी झाली, तिथं खाज सुटायची. आणि एका जागी उभं राहिलं की विचारू नका. पोटरीत ओलं पोतं बांधल्यासारखं व्हायचं, मग ठणका. स्वतःचाच पाय असा फितूर झालेला बघून रामकिसनला राग यायचा. पायावर रागावून माणूस जाणार कुठं?

तो पुन्हा डॉक्टरकडं गेला. डॉक्टर शेतकऱ्याच्या घरातले होते. म्हणाले, "विहिरीत मोटरीच्या पाइपाला खाली फुटबॉल असतो ना, पाणी अडवणारी झडप? तो खराब झाला की काय होतं?"

"पाणी माघारी विहिरीत उतरतं."

"तसंच झालंय. गाठ गेली, पण जाताना शिरेतल्या झडपा मोडून गेली. वर चढलेलं रक्त माघारी पायात उतरतं. हे असंच राहणार. घट्ट मोजा रोज घालायचा. बसलात की पाय वर. आणि चालायचं, भरपूर चालायचं. चालताना पोटरी रक्त वर ढकलते. एका जागी उभं मात्र राहायचं नाही."

आता गावाला हे कसं पटावं? रामकिसन सकाळी पालीपासून पार घाटाच्या पायथ्यापर्यंत चालत जायचा, आणि लग्नात कुणी वाढायला उभं राहा म्हटलं की खुर्ची मागायचा. "चालायला लई गडी, काम म्हणलं की पाय दुकतो," असं लोक त्याला ऐकू जाईल अशा बेतानं बोलायचे. हात तुटला तर गाव हळहळतं. पण पँटच्या आत सुजलेल्या पायाला कुणी विचारत नाही. गीताबाई तेवढी रोज संध्याकाळी पायाखाली दोन उशा ठेवायची आणि खोबरेल लावायची.

सप्ता जवळ आला तसा रामकिसनचा जीव खालीवर व्हायला लागला. पहाऱ्याला उभं राहावं लागतं, आणि उभं राहणंच तर गेलेलं. बाकी सगळं गेलं असतं तरी चाललं असतं, पण वडिलांचा पहारा आपल्या हयातीत दुसऱ्याकडं जावा हे त्याला सोसणार नव्हतं. चालता चालताच त्याला एक गोष्ट सुचली. वीणा खाली टेकवायची नाही, एवढाच तर नेम. विणेकऱ्यानं एका जागी थांबावं असं कुणी सांगितलंय? वीणा घेऊन देवाला प्रदक्षिणा घालत राहायचं. चालणं पायालाही चांगलं, देवालाही.

हे त्यानं सांगितलं ते एकट्या बजरंगला. त्याच्यापुढं मोजा उतरवून पाय दाखवला. घरच्यांशिवाय तो पाय कुणी पाहिला नव्हता. बजरंगच्या डोळ्यांत पाणी आलं. "लई सोसलंस बे," तो म्हणाला. "फेऱ्या मारायचं बेस सुचलं. तू कमिटीच्या बैठकीला येऊ नको. खाली मांडी घालून बसावं लागंल, पाय सुजंल. मी मांडतो तुपलं."

बैठकीहून बजरंग पडेल चेहऱ्यानं आला. "न्हाई जमलं किसना. मी लई भांडलो. सुंदरराव नाना ऐकतच न्हाईत. म्हणतात, उभं राहवत नसंल त्यानं पहारा सोडावा. मग मलाच घे म्हणले."

रामकिसननं त्या दिवशी सुंदररावांना मनातल्या मनात जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या म्हशीलाही दिल्या नव्हत्या. वर बजरंगला म्हणाला, "तू हाईस म्हणून बरं. परक्याकडं तरी न्हाई गेला पहारा."

सप्ता सुरू झाला. पहिल्या सकाळी रामकिसन जाणारच नव्हता. गीताबाईनं बळंच नेलं. म्हणाली, रुसायचं तर माणसांवर रुसा, देवावर कावून रुसता? काकडा संपला होता. मंडपात कुणीतरी रामकिसनला खांबाजवळ खुर्ची दिली. तो बसला, आणि समोर बघतो तर काय, बजरंग वीणा गळ्यात घेऊन देवाला फेऱ्या घालत होता. संथ, एका लयीत. बाया वाटेवर वाकून त्याच्या पाया पडत होत्या.

सुंदरराव रामकिसनजवळ येऊन बसले. मायेनंच बोलले. "रामकिसन, तू आपणहून पहारा सोडलास, वाईट वाटलं बाबा. चार माणसं घरी येऊन तुला समजावणार होती. बजरंगच म्हणला, नका जाऊ, त्याला पायाची लाज वाटती."

"मी सोडला?"

"बजरंगनं सांगितलं की. तू म्हणलास, माझ्यानं उभं राहवंना, तूच घे. पण गड्यानं डोकं बघ कसं लढवलं. म्हणला, मी फेऱ्या घालीत पहारा देतो. आमी लगेच व्हय म्हणलं. चांगलंच हाय की, कावून न्हाई म्हणावं?"

केसानं गळा कापणं म्हणजे काय, हे रामकिसनला त्या खुर्चीवर कळलं. बजरंगनं सगळं खोटं सांगितलं असतं तर एक वेळ राग गिळता आला असता. त्यानं खरंही सांगितलं होतं, पण अर्धं. उभं न राहवणं रामकिसनच्या नावावर घातलं आणि फेऱ्यांची युक्ती स्वतःच्या. आणि ज्या पायाकडे बघून डोळ्यांत पाणी आणलं, त्याच पायाची लाज पुढं करून गावाला त्याच्या दारात येऊ दिलं नाही. सुंदररावांना आपण उगाच शिव्या दिल्या, हेही आठवून रामकिसनला शरमल्यासारखं झालं.

तो उठला आणि त्यानं खुर्ची ओढत फेऱ्यांच्या वाटेला लागून नेऊन ठेवली. बजरंग फेरी घेऊन आला, त्याला बघून जरा अडखळला. रामकिसन वाकला. पायांवर नाही, वीणेवर डोकं टेकवलं आणि हळूच म्हणाला, "बज्या, मपली गोष्ट तू अर्धीच सांगितलीस."

बजरंगचं तोंड उतरलं. "किसना, लोकं बघायलेत."

"बघू दे. तू चाल. थांबू नको. मपलं चालणं हाय ते."

बजरंग पुढं गेला. पण प्रदक्षिणा उलटी घालता येत नाही. फेरी पुरी झाली की पुन्हा तेच वळण, तीच खुर्ची, तेच डोळे. काही फेऱ्या त्यानं मान खाली घालून काढल्या. मग देवापुढं जाऊन, खुर्चीकडं पाठ करून, तो एका जागी उभा राहिला तो राहिलाच. लोकांना वाटलं, दमला असेल.

"चला घरी," गीताबाई म्हणाली. "पाय वर ठेवायची वेळ झाली तुमची."

"पहारा संपू दे."

देवाकडं आणि वीणेकडं पाय करायचा नाही म्हणून तो पाय खाली सोडूनच बसला होता. ठणका घोट्यातून पोटरीत, पोटरीतून मांडीत चढला. तो जागचा हलला नाही. बजरंगही पाठ फिरवून हलला नाही. मंडपात टाळ वाजत होते आणि लहानपणी एका म्हशीवर बसलेले दोघं जण एकमेकांचं तोंड न बघता एकच पहारा देत होते.

पहारा बदलायची वेळ झाली. रामकिसन उठायला गेला तर पाय मोज्यात मावत नव्हता, त्याला खांब धरावा लागला. तोवर वीणा बजरंगच्या गळ्यातून पुढच्या माणसाच्या गळ्यात गेली होती. रामकिसनकडं बघायचं कुणाला सुचलंही नाही.